चालू घडामोडी शिकवणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र: आकड्याबरोबर पैशाची वाटही सांगा

सप्रेम नमस्कार.

मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतला मोठा काळ रोजगार हमी योजनेच्या, म्हणजे रोहयोच्या शाखेत गेला. आता अधूनमधून मॉक इंटरव्ह्यूच्या पॅनेलवर बोलावणं येतं. समोरची पोरं इतकी तयारीनं येतात की आपणही काही वाचून जावं लागतं, म्हणून तुमचे चालू घडामोडींचे मासिक अंक, टेलिग्रामवरच्या पीडीएफ आणि यूट्यूबवरची 'महिन्याची रिव्हिजन' हे सगळं मी बघते. हे पत्र कुणा एका क्लासला उद्देशून नाही. पुण्यात नवी पेठेत बसून अंक काढणाऱ्यांना आहे, तसंच तालुक्याच्या अभ्यासिकेत रोजचा पेपर फळ्यावर उतरवून देणाऱ्या सरांनाही आहे.

आधी तुमची बाजू. पूर्व परीक्षा वस्तुनिष्ठ आहे. तिथे योजना कोणत्या साली सुरू झाली, समितीचे अध्यक्ष कोण, हे विचारलं जातं आणि एका गुणानं कट-ऑफ हुकतो. त्यामुळे वन-लायनर लागतात, हे मला मान्य आहे. पण राज्य लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा 2012 पासून वस्तुनिष्ठ होती, ती 2025 पासून पुन्हा वर्णनात्मक झाली. पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, बदलासाठी 2023 ऐवजी 2025 ठरलं, हा सगळा इतिहास तुम्ही जवळून पाहिलेला आहे. सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर, म्हणजे राज्यघटना, शासनव्यवस्था, सामाजिक न्याय, आता 250 गुणांचा लेखी पेपर आहे. अंकांचा साचा मात्र जुनाच दिसतो. योजनेचं नाव, शुभारंभाची तारीख, तरतूद, लाभार्थी संख्या, चौकटीत 'लक्षात ठेवा'. तोच मजकूर आता 'मुख्य परीक्षा विशेष' म्हणून येतो, एवढाच फरक.

माझं म्हणणं एकच आहे. धोरणाची कुठलीही बातमी शिकवताना पैसा कुणाच्या तिजोरीतून निघतो, निर्णयाची सही कुणाची, आणि मुदत चुकली तर कुणाला जाब विचारायचा, हे सांगितल्याशिवाय ती बातमी शिकवून झाली असं समजू नका. ही मुलं उद्या त्याच सहीच्या खुर्चीत बसणार आहेत.

नुसतं तत्त्व सांगून उपयोग नाही, म्हणून उदाहरण घेते. सप्टेंबर 2025 ची अतिवृष्टी. 28 सप्टेंबरला होणारी राज्यसेवा पूर्व परीक्षा तिच्यामुळेच पुढे गेली आणि 9 नोव्हेंबरला झाली. म्हणजे मराठवाडा आणि सोलापूरकडच्या उमेदवारांसाठी ही पेपरात वाचायची घडामोड नव्हतीच, त्यांच्या घरचं सोयाबीन पाण्याखाली होतं. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारनं 31,628 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. पॅनेलवर मी या विषयावर अनेकांना बोलतं केलं. 31,628 हा आकडा प्रत्येकाला पाठ. कोरडवाहूला हेक्टरी 18,500, हंगामी बागायतीला 27,000, बागायतीला 32,500, हेही पाठ. 'हे 18,500 कुठून आले?' असं विचारलं की गाडी थांबते.

साधी बेरीज आहे हो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष केंद्र ठरवतं. 2022 ते 2026 या काळाच्या निकषांत 33 टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेलं तर कोरडवाहूला हेक्टरी 8,500, ओलिताखालच्या पिकाला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये होते. त्या प्रत्येकात राज्यानं रब्बीच्या बियाणं-खतांसाठी हेक्टरी 10,000 मिळवले की पॅकेजचे तिन्ही दर तयार होतात. या निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा 75 आणि राज्याचा 25 टक्के. निकषात मर्यादा दोन हेक्टरची, राज्यानं ती तीन हेक्टर केली. मग तिसऱ्या हेक्टरचा भार कुणावर? निकष तिथवर पोचत नाहीत म्हटल्यावर उत्तर उघड आहे. एवढं एकदा समजलं की उमेदवाराला तीन आकडे वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत, आणि 'केंद्रानं मदत केली नाही' व 'केंद्रानंच सगळं दिलं' ही दोन्ही राजकीय वाक्यं तो स्वतः तपासू शकतो.

याच पॅकेजमधली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रुपये रोख, आणि हेक्टरी 3 लाख रुपये मनरेगातून. अंकांत हे '3.47 लाख' असं एका दमात छापलेलं मी पाहिलं. रोहयोत काम केलेला माणूस इथे थबकतो. ते 47,000 पंचनाम्यावरून खात्यात जातील. ते 3 लाख कुणाच्याही खात्यात एकरकमी जमा होणारे पैसे नव्हेत. ते काम आहे. त्याला अंदाजपत्रक लागतं, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, जॉबकार्ड, कामाची मागणी, मस्टर म्हणजे मजुरांचा हजेरीपट, मोजमाप पुस्तिका, सगळं लागतं. शिवाय मनरेगाच्या कायद्यानं शक्य तिथवर माणसाचं काम हिरावणारी यंत्रं वापरायची नाहीत आणि ठेकेदार लावायचा नाही. ज्या रानातली माती पुरुषभर खोल वाहून गेली तिथे शेतकरी पहिल्यांदा जेसीबीवाल्याला फोन करतो. ही दोन टोकं कशी जुळवायची, हा प्रश्न घोषणेच्या दुसऱ्या दिवशी तहसीलदाराच्या टेबलावर येतो. मुख्य परीक्षेत विचारण्यासारखा याहून चांगला प्रश्न मला सुचत नाही, आणि तुमच्या कुठल्याही सराव संचात तो मला दिसला नाही.

पीक विम्याचंही तसंच. 'एक रुपयात पीक विमा' 2023 च्या खरिपात आला आणि 2025 च्या खरिपात गेला, एवढं सगळ्यांना येतं. शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा खरिपाला 2, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना 5 टक्के झाला, हेही येतं. पण त्याच निर्णयानं राज्यात स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, काढणीपश्चात नुकसान हे भरपाईचे घटक काढून टाकले आणि फक्त पीक कापणी प्रयोगावर आधारित भरपाई ठेवली. पूर्वी रानात पाणी शिरलं की 72 तासांच्या आत तक्रार नोंदवायची आणि एकट्याच्या शेताचा पंचनामा व्हायचा. 2025 च्या खरिपात महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन किती निघालं यावर सगळं आलं. मे महिन्यातल्या त्या निर्णयाची गाठ सप्टेंबरच्या पुराशी पडली. हप्त्याच्या अनुदानात राज्याचा खर्च वाचला, हे खरं. पण तो वाचलेला पैसा ऑक्टोबरच्या पॅकेजमधून दुसऱ्या दारानं बाहेर गेला का, हे जोडून पाहायला विद्यार्थ्याला शिकवायला हवं. तुमच्या अंकात मेची बातमी 'कृषी'खाली असते, सप्टेंबरची 'आपत्ती व्यवस्थापन'खाली, ऑक्टोबरची 'अर्थव्यवस्था'खाली. तीन महिने, तीन प्रकरणं, आणि मधला धागा कुणीच ओवत नाही.

आता माझ्या घरच्या विषयाकडे येते. थोडं लांबेल, सहन करा.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला: विकसित भारत रोजगार आणि आजीविका हमी मिशन (ग्रामीण). 16 डिसेंबरला विधेयक लोकसभेत मांडलं, 18 ला मंजूर झालं, 21 ला राष्ट्रपतींची संमती. व्हीबी–जी राम जी या लघुरूपावर बहुपर्यायी प्रश्न निघणार, याची खात्री तुम्हाला आहे आणि मलाही आहे. तुम्ही शिकवता: 100 चे 125 दिवस, खर्चाचा वाटा 60:40, ईशान्य आणि हिमालयीन राज्यांसाठी 90:10, पेरणी-काढणीच्या काळात वर्षात एकूण 60 दिवस कामं बंद ठेवण्याची मुभा, मजुरी आठवड्याला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 6 वरून 9 टक्के. सगळं बरोबर. पण या 60:40 मध्येच मुलांचा पहिला घोटाळा होतो. जुन्या मनरेगातही 60:40 होतंच, ते मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण होतं. नव्या कायद्यातलं 60:40 केंद्र आणि राज्य यांच्या वाट्याचं आहे. पॅनेलवर दोन्ही एकच समजून बोलणारे मी ऐकले आहेत.

फळ्यावर एवढंच गणित मांडून दाखवा. जुन्या कायद्यात अकुशल मजुरी शंभर टक्के केंद्राची, साहित्य आणि कुशल कामाचा खर्च केंद्र 75, राज्य 25. शंभर रुपयांच्या कामात मजुरी 60 आणि साहित्य 40 धरलं, तर राज्याच्या खिशातून जायचे 10 रुपये. प्रशासकीय खर्च बाजूला ठेवून बोलते आहे. आता जातील 40. दहाचे चाळीस! '125 दिवस' हा मथळा होता, खरी घडामोड ही आहे.

दुसरी त्याहून खोल. जुना कायदा मागणीवर चालायचा. मजुरानं नमुना 4 भरून काम मागितलं की 15 दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेरोजगार भत्ता, आणि तो भत्ता राज्यानं द्यायचा. मागणी वाढली की केंद्राचा खर्च आपोआप वाढायचा, निदान कायद्याच्या कागदावर. नव्या कायद्यात केंद्र प्रत्येक राज्याचा नियतव्यय, म्हणजे वर्षाची ठरीव रक्कम, आधीच ठरवणार, आणि त्यावरचा खर्च राज्यानं सोसायचा. भत्त्याची जबाबदारी तेव्हाही राज्याची होती, आताही राज्याचीच आहे. सरकारची बाजूही मुलांना नीट सांगा. हंगामात शेतीला मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. राज्याचा पैसा गुंतला की देखरेख सुधारते, हाही युक्तिवाद आहे. जलसुरक्षा, गावच्या पायाभूत सोयी, उपजीविकेची साधनं आणि टोकाच्या हवामानापासून बचाव, अशा चार विषयांत कामं बांधली तर विखुरलेल्या खड्ड्यांपेक्षा काही टिकाऊ उभं राहील, असं ते म्हणतात. माझं मत विचाराल, तर मला नियतव्ययाची भीती वाटते. कारण मागणी दाबणं किती सोपं असतं, हे मी पाहिलं आहे. ग्राम रोजगार सेवकानं अर्जाची पोच दिली नाही की मागणी झालीच नाही. वरून पैसा ठरलेला असेल तर ती पोच न देण्याची सोय सगळ्यांनाच वाटणार. माझ्याशी असहमत होणारा उमेदवार मला चालेल. पण त्यानं असहमती या मुद्द्यावर दाखवावी, 'दिवस वाढले म्हणजे चांगलंच' एवढ्यावर नको.

आणि महाराष्ट्राच्या विद्यार्थ्याला यात जे खास सांगायला हवं, ते तर कुठेच दिसत नाही. रोजगार हमी ही आपल्याकडून दिल्लीला गेलेली कल्पना आहे. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात प्रयोग केला, 1972 मध्ये, दुष्काळाच्या तोंडावर, ती राज्याची योजना झाली, 1977 चा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैसा? 1975 चा व्यवसाय कर. आजही पगारदाराच्या चिठ्ठीत महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 असे वर्षाचे 2,500 कापलेले दिसतात, ते या हमीच्या नावानं सुरू झालेले. जेवढा कर गोळा होईल तेवढीच भर सरकारनं घालायची, असा शहरानं खेड्याला दिलेला शब्द होता तो. आणि 2,500 च का, तर घटनेच्या अनुच्छेद 276 मध्ये तीच कमाल मर्यादा आहे. 1988 च्या 60 व्या घटनादुरुस्तीपूर्वी ती 250 होती. बघा, एका पगारचिठ्ठीतून राज्यघटना, करव्यवस्था आणि दुष्काळ असे तीन धडे निघतात.

या राज्य कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती. मनरेगा आल्यावर महाराष्ट्रानं आपला कायदा गुंडाळला नाही, दुरुस्त करून ठेवला. पहिले 100 दिवस केंद्राच्या पैशातून, त्यापुढचे राज्याच्या. म्हणून 'महाराष्ट्रातल्या मजुराला 25 दिवस जास्त मिळाले' हे वाक्य सावधपणे लिहावं लागतं. हक्क म्हणून ते दिवस इथे आधीपासून होते, पैसे राज्याचे होते. आता त्या 25 दिवसांत नियतव्ययाच्या आत केंद्र भागीदार होईल, आणि पहिल्या शंभरात राज्याचा भार वाढेल. एकूण हिशोब कुठे झुकतो, हा प्रश्न मी आयोगाच्या जागी असते तर 15 गुणांना विचारला असता.

रोहयोचा विषय निघाला की मस्टर येतं, आणि मस्टरवरून माहितीचा अधिकार. ही उडी नाही, वाटच तशी आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं 1994 पासून जनसुनावण्या घेतल्या. त्यात गावासमोर मस्टरं वाचली जायची, आणि मेलेल्या माणसाच्या नावावर मजुरी उचललेली उघडी पडायची. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा तिथली. महाराष्ट्रानं 2002 मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा आणला, त्यामागे अण्णा हजारे यांचं आंदोलन होतं. मग 2005 चा केंद्रीय कायदा. 30 दिवस, दिवसाला 250 रुपये दंड, कमाल 25,000, हे तर तुम्ही झोपेतून उठवून विचारलं तरी मुलं सांगतात.

आता नोव्हेंबर 2025 ची बातमी: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियम अधिसूचित झाले. अंकांत काय आलं? 2023 चा कायदा, डेटा संरक्षण मंडळ, 250 कोटींपर्यंत दंड. याच कायद्याच्या कलम 44(3) नं माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(ञ) बदललं, ही ओळ अनेक ठिकाणी तळटीपेत आणि काही ठिकाणी अजिबात नाही. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्यानं खासगीपणावर अवाजवी आक्रमण होतं, हे दाखवावं लागे. व्यापक जनहित असेल तर ती देता येई. 'जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुणालाही नाकारता येणार नाही' असं परंतुकही होतं. आता कलमात उरलं आहे ते एवढंच, की वैयक्तिक माहिती देण्याचं बंधन नाही. कलम 8(2) मधला जनहिताचा अपवाद शिल्लक आहे. कलम 4 मधलं, अनुदानाच्या योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील आपणहून प्रसिद्ध करण्याचं बंधनही शिल्लक आहे.

तहसील कार्यालयात जन माहिती अधिकारी बहुधा नायब तहसीलदारच असतो. तुमचा विद्यार्थी राज्यसेवेतून त्या पदावर गेला आणि पहिल्याच आठवड्यात कुणी अतिवृष्टी अनुदानाची गावनिहाय यादी नावांसह मागितली, तर तो काय करेल? कलम 4 म्हणतं ही यादी भिंतीवर लाव. 8(1)(ञ) म्हणतं नावं वैयक्तिक आहेत. 8(2) म्हणतं जनहित तोलून बघ. नवखा अधिकारी नाकारून मोकळा होईल, कारण नाकारण्यात धोका कमी असतो. माहिती दिल्याबद्दल ओरडा खाल्लेले अधिकारी मला पुष्कळ माहीत आहेत, नाकारल्याबद्दल दंड भरलेले त्या मानानं थोडे. ही खरी गाठ आहे, आणि ती सोडवण्याचा सराव क्लासमध्येच व्हायला हवा. खासगीपणाच्या हक्काला मी कमी लेखत नाही. पण अनुदानाच्या यादीतलं नाव आणि दवाखान्याच्या केसपेपरवरचं नाव यांत फरक करता यायला हवा.

स्थानिक स्वराज्य संस्थांवर थोडक्यातच बोलते, कारण त्यावर तुम्हीही भरपूर छापलं आहे. तारखांची मालिका सगळ्यांना येते: ओबीसी आरक्षणासाठी 2021 चा तिहेरी चाचणीचा निकाल, बांठिया आयोग, 6 मे 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, नंतर 31 जानेवारी 2026 पर्यंतची मुदतवाढ. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली आणि मतदान 15 जानेवारी 2026 ला झालं. अनुच्छेद 243-यू सांगतं की मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. पण या जवळजवळ चार वर्षांत महापालिकेचा अर्थसंकल्प कुणी मांडला आणि कुणी मंजूर केला, हे विचारा. दोन्हीचं उत्तर एकच माणूस, प्रशासक. नगरसेवक नसल्यामुळे काय थांबलं आणि काय उलट वेगानं झालं, यावर प्रामाणिक चर्चा घडवा. उद्याच्या अधिकाऱ्यांना प्रशासकराज मनातून आवडतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. परीक्षेच्या आधी कुणीतरी ते त्यांच्या तोंडावर बोलून दाखवायला हवं.

आणखी एक खटकणारी गोष्ट म्हणजे विशेषणं. 'महत्त्वाकांक्षी', 'ऐतिहासिक', 'क्रांतिकारी'. प्रेसनोटमध्ये ती असायचीच, माहिती खात्याचं ते कामच आहे. तुमच्या अंकात ती जशीच्या तशी का येतात? वेळ नसतो, अंक एक तारखेला बाजारात यायला हवा, भाषांतर करणारा मुलगा स्वतःच परीक्षेची तयारी करत असतो, हे मला कळतं. पण ज्यानं योजना फक्त प्रेसनोटमधून शिकली, तो तिची अंमलबजावणीही प्रेसनोटसारखीच करतो. उद्दिष्ट शंभर टक्के, अहवाल वर, विषय संपला. शासन निर्णय, म्हणजे जीआर, शासनाच्या संकेतस्थळावर फुकट आणि मराठीत मिळतो. दहा पानांच्या जीआरमध्ये लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कोणत्या खात्यावर टाकायचा ते, असतं, समितीत कोण-कोण ते असतं, 'निधी उपलब्धतेच्या अधीन राहून' हे सगळ्यात मोलाचं वाक्य असतं. प्रत्येक अंकात एक, फक्त एक, जीआर मूळ स्वरूपात छापा आणि समासात टिपा द्या. पानं वाढतील म्हणाल, तर नियुक्त्या आणि पुरस्कारांची चार पानं कमी करा. मुलं ती तशीही परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात.

'आम्ही हे केलं तर विद्यार्थी शेजारच्या क्लासला जातील, त्यांना तयार नोट्स हव्या असतात,' असं एका सरांनी मला चहा पिताना सांगितलं. असेलही. फीचा आणि भाड्याचा हिशोब मला कळत नाही असं नाही. पण वर्णनात्मक पेपर तपासणाऱ्याच्या हातात एकाच साच्यातली उत्तरं गठ्ठ्यानं पडली, तर तयार नोट्स विकणाऱ्याचा धंदाही फार दिवस चालायचा नाही.

आता नेमकी मागणी. पुढच्या महिन्याच्या अंकात रोजगार हमीचा नवा कायदा घ्या आणि त्याखाली बहुपर्यायी प्रश्नांऐवजी एवढंच द्या: तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीनं गेल्या वर्षी किती मजुरांची मागणी नोंदवली, किती मस्टर निघाली, मजुरी किती दिवसांनी मिळाली, आणि हे आकडे तुम्हाला कुणी व कोणत्या कलमाखाली दाखवले? शोधायला अवघड नाही. मनरेगाच्या संकेतस्थळावर ग्रामपंचायतनिहाय मस्टर आजवर कुणालाही बघता येत आलं आहे. शिवाय जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असं शासनाचं 2018 चं परिपत्रक आहे. तुमची सोमवारची टेस्ट एकदा रद्द करा आणि पोरांना वहीपेन घेऊन जिल्हा परिषदेत पाठवा. कुणी आत घेतलं नाही तर कुणाच्या नावानं अर्ज करायचा, हे आधी शिकवून पाठवा. कदाचित तिथला अधिकारी तुमचाच जुना विद्यार्थी निघेल.

काय उत्तरं आली ते त्यापुढच्या अंकात छापा. मॉक इंटरव्ह्यूला येताना मी तो अंक घेऊन येईन.

आपली,
रोहयो शाखेतली एक निवृत्त नायब तहसीलदार